बारा बैठका, सलग

...नाही, मनोंग रुबेन, खांद्यावर फिरवायचं ते मशीन नको, दादा. शर्ट घाला. खांदा गोठलाय तुमचा, तो व्यायामानेच सुटेल — भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत न्यायची, रोज, घरीच. मशीन? बिघडलंय. दिवा लागलाय खरा... बरं, बिघडलेलं नाही. मी लावत नाही आता.

लोर्दिंगचं ऐकून आलात ना — तुमच्याच बेटावरची, सुकी मासळी विकायची ती. तिला लावलं होतं. केस विंचरता येत नव्हते बाईला. उपचाराच्या नवव्या बैठकीला माझ्यासमोर स्वतः अंबाडा घातला आणि रडायला लागली. मग मशीनने झालं की नाही? मी म्हणायचे, झालं. आणि त्याच आठवड्यात मनिलाहून संशोधनाचा कागद आलेला — शेकडो खांदे, अर्ध्यांना मशीन चालू, अर्ध्यांवर नुसतं बंद फिरवलेलं, गुण दोघांना सारखाच. दोनदा वाचला मी तो. आणि टाकला खणात. वीस वर्षं या हातांनी खांदे सोडवले, मला कागद काय शिकवणार — असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दहाव्या बैठकीच्या सकाळी तिचा फोन — मॅडम, वारा फार आहे, पुढच्या आठवड्यात येते. आणि मी — हे कुणाला बोलले नाहीये — मी म्हटलं, खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बारा बैठका, सलग. कुठे लिहिलंय असं? कुठेच नाही. माझंच ते, माझ्या अनुभवाचं.

आली ती. म्हणजे निघाली. होडी उलटली. वाचलेले सांगतात, होडीच्या बाजूला बांधलेला बांबू धरून दोन तास तरली — त्याच दुखऱ्या हाताने, पार डोक्यावर नेऊन. मग सुटला. तो हात कुणी बरा केला, मनोंग? मशीनने म्हणावं तर मी बोलावलं त्याला काही अर्थ राहतो. कागद खरा मानला तर ती घरी बसूनही अंबाडा घालायला लागली असती, मासळी वाळवत असती आज. मी रोज इथे बसून हेच करते, एकदा मशीनकडे बघते, एकदा खणाकडे.

बघू, हात वर करा. दुखतंय? दुखू दे थोडं. आता उठा, वारा पडलाय तोवर होडी गाठा. भिंत तुमच्या घरी आहेच.

पुढची तारीख? तारीख नाही. येऊ नका.