पाणी वर कसं चढलं?

म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीच्या बसची वाट बघत बसलेला रुद्रेश लोकांच्या बोलण्याला कान लावणारा माणूस नव्हे. पण शेजारच्या क्षमा टीचरचा मोबाइल त्याच्या नाकासमोरच होता आणि तिची मावशीही हळू बोलणाऱ्यांतली नव्हती.

"हे बघ मावशी, पानशेतचं धरण फुटलं ते मी पोरांना असं नकाशावर दाखवलं. ही निळी रेघ सरकत सरकत पुण्यात जाते."

"बरं दिसतं गो. मग तोंड का पाडून बसलीस?"

"पुणं नकाशात वरच्या बाजूला येतं ना. साईश म्हणाला, टीचर, पाणी वर कसं चढलं? सगळा वर्ग हसला."

"आणि तू?"

"मीपण हसले. बिचाऱ्याने मान खाली घातली."

"अगो, एकसष्ट साली आम्ही पुण्यात नदीकाठीच राहायचो. मी सात वर्षांची. पाणी पायऱ्या चढून माडीवर आलं, तेव्हा माझी आई हेच बडबडत होती."

"हेच म्हणजे?"

"पाणी वर कसं चढलं, पाणी वर कसं चढलं! तेच म्हणत म्हणत तिने आम्हां भावंडांना कौलांवर चढवलं."

"मावशी, उद्या वर्गात येऊन साईशला हे सांगशील?"

"सांगते तर! पण ती बघ बस लागली. आता तू चढ आधी."