उभं कुणी राहायचं

त्सिप्पी : आणि हे काय घातलंयस रे, योना? छातीवर ‘शालोम’? वर्षभर ह्या तुमच्या मंडळाच्या दारावरून नाक मुरडत जाते, ते काही उगाच नाही.

योना : फुकटचा टी-शर्ट आहे. आपल्या ज्यू विद्यार्थी मंडळानं सगळ्यांना वाटले. तुझाही ठेवलाय.

त्सिप्पी : तुलाच लखलाभ. पिझ्झा खायला जमणारे ज्यू तुम्ही! शुक्रवारच्या प्रार्थनेच्या मेणबत्त्यासुद्धा बॅटरीवरच्या!

योना : कॉलेजच्या इमारतीत काडी ओढायला बंदी आहे, त्याला मी काय करू? आणि तूच निरोप पाठवलास ना, वडील गेले, त्यांच्यासाठी काद्दीशची प्रार्थना म्हणायचीय, त्याला दहा माणसं लागतात म्हणून? सकाळपासून वणवण करून जमवलीत. बघ. एक, दोन, तीन...

त्सिप्पी : अरे, अरे! माणसं आहेत का मेंढरं? बोट दाखवून मोजतोस? नजर लागू नये म्हणून ‘नाही-एक, नाही-दोन’ म्हणायचं असतं. एवढंही शिकवलं नाही कुणी?

योना : बरं बाई. नाही-सात, नाही-आठ, नाही-नऊ. आणि तू नाही-दहा.

त्सिप्पी : मला धरून?

योना : मग? इथं मुलींना धरतात.

त्सिप्पी : आमच्या ब्रुकलिनला नाही धरत. दफनाच्या दिवशी म्हटलं, मी एकुलती एक, मी म्हणते. तर काका म्हणाले, तू बायकांत बस. पंधरा वर्षं बाबांशी न बोललेला माणूस! त्यानं म्हटलं, आणि मी पडद्यामागून ऐकलं.

योना : आणि नावं आम्हाला ठेवतेस!

त्सिप्पी : ठेवणारच. हे सगळे उभे कशाला राहिलेत?

योना : तुझ्याबरोबर म्हणणार आहेत. आमच्याकडे तसंच असतं.

त्सिप्पी : कमाल आहे! तुमचे आईबाप धडधाकट आहेत ना? मग अपशकून कसला करताय? आमच्याकडे ज्याचं माणूस गेलं त्यानंच उभं राहून म्हणायचं. बाकीच्यांनी बसून नुसतं आमेन म्हणायचं.

योना : तुला एकटं वाटू नये म्हणून गं. जाऊ दे. बसा सगळे!

(खुर्च्या सरकतात. त्सिप्पी पुस्तक उघडते. पानावरून नुसतं बोट फिरवत राहते.)

योना : ओळ सापडत नाही का?

त्सिप्पी : मला पाठ आहे. तुझ्यासारखी नाही मी.

योना : मग?

त्सिप्पी : तोंडातून शब्दच फुटत नाहीये.

योना : पाणी आणू?

त्सिप्पी : नको. उठव त्यांना.

योना : आणि तो अपशकून?

त्सिप्पी : शहाणपणा करू नकोस. म्हणणार मीच, तुम्ही नुसते माझ्याजवळ उभे राहा. आणि आमेन जरा मोठ्यानं म्हणा रे. बाबांना कमी ऐकू यायचं.