गंधाने लावलेला कौल

मी एकदा गणपतीला बोलले होते, आमच्या ह्यांचं पिकअपचं ठरेपर्यंत मीठ खाणार नाही. सासऱ्यांच्या काळापासून घरात इंग्रजी पिकअप. ती बंद पडली आणि आमच्या ब्रीझे वेर्दिएर गावाहून फ्लाकच्या बाजारात भाजी जाईना. आता घ्यायची ती जपानी, पण दोन कंपन्यांच्या दोन. एकीचं इंजिन दणकट, दुसरीचा हौदा लांब. हे रोज दोन्ही बघून यायचे आणि म्हणायचे, "उद्या ठरवू." इकडे शेतात वांगी पिवळी पडायला लागली.

शेवटी मी कौल लावला. मूर्तीच्या उजव्या खांद्यावर जास्वंदीची पाकळी दणकट इंजिनाची, डाव्यावर लांब हौद्याची. आधी पडेल ती गाडी घ्यायची. हे सकाळपासून समोर बसले. दुपार झाली तरी एकही पडेना.

"अयो, देवालासुद्धा ठरवता येत नाही!" मी म्हणाले.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "सूनबाई, कशाने चिकटवल्यास गं?"

"गंधाने."

"अगं, पाण्याने लावतात! ह्या आता दिवाळीपर्यंत पडायच्या नाहीत."

हे पाणी आणायला उठले, तशी सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "बस. सकाळपासून कुठली पडावी म्हणून बघत होतास?"

"डावी," हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्याच संध्याकाळी लांब हौद्याची गाडी ठरली आणि मी मीठ घातलेली आमटी जेवले. तुझ्याही घरी असं अडलं, तर कौल नक्की लाव हं. फक्त गंधाने लाव.