फाटक-दिवसाचे पाव

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड लॅम्पर्ट, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते मेजर ऑबरी ट्रेसिंगहॅम, त्यांच्या भगिनी मिस ऑनर, आणि नेदर कोल्ड्रीच्या माझ्या गावकरी मंडळींनो,

मी विल्फ गॅड, पाट्या रंगवणारा. शाळा अर्धवट सुटली, पण शुद्धलेखन बरं आहे, म्हणून हे भाषण माझ्या वाट्याला आलं असावं.

ट्रेसिंगहॅम घराण्याने या गावाला काय दिलं नाही? चर्चची घंटा दिली, पाण्याचा पंप दिला, आणि फाटक-दिवस दिला. आपली चर्चची वाट यांच्या कुरणातून जाते. मेजरसाहेबांच्या आजोबांना वकिलाने बजावलं, वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवा, नाहीतर वहिवाटीने वाट गावाची होईल. लोक नाराज होऊ नयेत म्हणून आजीबाईंनी त्या दिवशी फाटकाशी मनुकांचे गरम पाव वाटले. तेव्हापासून दरसाल वाटले. आई म्हणायची, "नीट धर रे, मोठ्या घरचा पाव आहे." म्हातारा जेबेज तेवढा ओरडायचा, "खा लेको, खा! वाट खाताय, वाट!" आम्ही हसायचो.

आता हसू नका, मंडळी.

मेजरसाहेब कुरण विकताहेत, आणि घेणारे नवे मालक लंडनचे. त्यांचा कारभारी सोमवारी माझ्याकडे आला. "पाटी हवी. वाट बंद."

मी म्हणालो, "साहेब, ही वाट चर्चला जाते."

"जाऊ दे की. माणसं गेली नाहीत म्हणजे झालं."

मी वहिवाटीचं काढलं, तर म्हणाला, "कसली वहिवाट? दरसाल बंद फाटकाबाहेर उभं राहून पाव खाल्लेत ना? म्हणजे वाट मालकाची, हे कबूलच केलंत."

माझी आई दुसऱ्या रांगेत बसली आहे. वडील चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. रोज संध्याकाळी ती काठी टेकत त्यांच्याकडे जाते. गिरणीच्या रस्त्याचा वळसा तिला झेपेल का? आई, रडू नकोस, मी बोलतोय ना.

मेजरसाहेब, निरोपाच्या दिवशी मागणं मागू नये, हे मला कळतं. पण विक्रीच्या सह्या उद्या आहेत. आज कुरण तुमचं आहे. मालकाने चारचौघांत वाट गावाला दिली की ती दिलीच, असं रेव्हरंडसाहेब म्हणतात. आत्ता ते मान खाली घालून बसलेत, पण म्हणाले होते.

पाटी मी सोबत आणली आहे. पांढरा रंग वाळलाय, अक्षर एकही काढलेलं नाही. आपण उत्तराला उभे राहाल, तेव्हा काय लिहायचं ते सांगा.

सर्वांचे आभार. मिस ऑनर, आजच्या पावांबद्दलही आभार. माझा अजून बशीतच आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पाटीवर माझी चूक होणार नाही.