क्लच तेवढा चालला पाहिजे

“बाकी काही चाललं नाही तरी चालेल, क्लच तेवढा चालता करून आण, असं बजावून पाठवलंय आमच्या ह्यांनी.”

बिश्केकच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीला घेऊन मी रांगेत उभी होते. माझ्यापुढच्या बुरुलाय एजेंनी, म्हणजे बुरुलायताईंनी, लॅपटॉप आणि जुन्या ट्रकचं, वायर जोडलेलं पेडल काउंटरवर ठेवलं. दुकानदार नुरदिननं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“कोणाची कारागिरी, एजे?”

“जावयाची. कॉम्प्युटरला दिसतं, पण ट्रक चालवायचा गेम ओळखच देत नाही.”

“गेमला बड्या कंपनीचाच माल ओळखता येतो. ऑटोमॅटिक गिअर लावा ना, क्लचची कटकटच नको.”

“तीस वर्षं ओशच्या घाटात ट्रक हाकलाय आमच्या ह्यांनी. ऑटोमॅटिक म्हणजे पाळण्यात बसणं, म्हणतात.”

“मग मधे एक प्रोग्राम टाकतो. तो गेमला सांगेल, हे बड्या कंपनीचंच पेडल आहे.”

“खोटं सांगायचं? रोजे चालू आहेत रे.”

“गेमलाच तर सांगायचं. तीस वर्षांत तपासणी नाक्यावर कांद्याला बटाटा म्हटलंच असेल की त्यांनी.”

“नाक्यावर सगळेच म्हणतात. टाक तुझा प्रोग्राम.”

“पण हट्ट क्लचचाच का? ॲक्सिलरेटर, ब्रेक सोडून?”

“ती दोन्ही हातानं दाबतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय तेवढा हलतो.”

नुरदिननं लॅपटॉप पुढं ओढून प्रोग्राम टाकला. थोड्या वेळानं पेडल दाबलं, तशी पडद्यावरची पट्टी वर सरकली.

“आज रोजा सुटायच्या आत त्यांना गेममधला घाट चढायला बसवते, असं कबूल केलंय,” म्हणत एजेंनी पेडल शालीत गुंडाळलं आणि त्या बसथांब्याकडे निघाल्या.