इंजेक्शनचं परमिट

हसणार नसाल तर सांगते. परवा आमचे हे ऑफिसातल्या वसईच्या मित्राशी फोनवर अगदी हळू आवाजात बोलत होते. "इंजेक्शनचे रिपोर्ट मिनिस्ट्रीला एवढ्यात द्यायचे नाहीत. आधी परमिट रिन्यू होऊ दे."

मला वाटलं, ह्यांना काहीतरी मोठा आजार झालाय. इथे दोह्यात राहायचं परमिट गेलं की खलास, सगळं आवरून घरी परत.

फोन ठेवल्याबरोबर मी विचारलं, "कसली इंजेक्शनं घेताय? माझ्यापासून लपवून?"

"अगं, मला काही झालेलं नाही. कंपनीचं खराब पाणी जमिनीत खोल सोडतात ना, त्या विहिरींना इंजेक्शन वेल म्हणतात. परमिट त्या विहिरींचं."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

माझ्या जिवात जीव आला. ताटं घेताना मात्र राहवेना, म्हणून म्हटलं, "मग मिनिस्ट्रीने मागितलेत तर द्या ना ते रिपोर्ट. विहिरी ठणठणीत असतील तर लपवता कशाला?"

ह्यांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "कालवण छान झालंय."

कालवण अजून गॅसवरच होतं.