न गळणारा नळ

मंडळी, आजचा सवाल सोपा आहे. रडू कुठून येतं? डोळ्यांतून? मग कांदा हाच मोठा संत म्हणायचा! टाळकरी, हसू नका, ताल सुटतोय.

तर ऐका. आमच्या गावात सिनेमाचं शूटिंग आलं. लेकीची पाठवणी, शेवटचा दिवस, ऊन उतरत आलेलं. आज जमलं नाही तर सिनेमातून पाठवणीच कापायची. बाप झाले होते भाऊराव कानडे, नावाजलेले नट. डोळ्यांत ग्लिसरीन घालून असा हंबरडा फोडायचे, की गोठ्यातल्या म्हशीनं दूध चोरलं. खोटं वाटतं? म्हैस आहे अजून, विचारा तिला. आणि वऱ्हाडी म्हणून उभ्या केलेल्या आमच्या बायका? तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

डायरेक्टर यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊराव, पाठवणी आहे. आग नाही लागलेली."

"अजून थोडं वाढवू का, बाई?"

काय म्हणावं या माणसाला! बाटली संपली, हौस संपेना.

बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. हळूच विचारलं, "तुमची लेक सासरी निघाली, तेव्हा काय केलंत?"

भाऊरावांनी रिकामी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "नळ नीट करत होतो. मोरीतला."

"मांडवातलं वऱ्हाड सोडून?"

"गळत होता हो."

"थांबला?"

"गाडी गेल्यावर बघितलं. गळत नव्हताच."

आता बघा, बाई 'रडा' म्हणाल्या नाहीत. पाना मागवला, भाऊरावांच्या हातात दिला. "तेवढंच करा."

कॅमेरा सुरू झाला. बाप परसातल्या नळापाशी, पाठमोरा. नवरी झालेली पोर आली. कागदावर 'येते' होतं, घाबरून चुकली. "बाबा, जाते."

बापानं मान वळवली नाही. पाना फिरवत राहिला. म्हणाला, "जाते म्हणू नये, बाळ. येते म्हण."

"येते."

"हं."

संपलं! हसणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. बाई 'कट' म्हणायच्या विसरल्या. नळाला लागला पाना आणि म्हशीला फुटला पान्हा!

आणि तुम्ही? तोंडानं हरी हरी, डोळा शिऱ्याच्या पातेल्यावर. किती वर्षं हे ग्लिसरीन घालायचं, बाबांनो? देव काय, आमच्या गावच्या बायकांपेक्षा भोळा आहे?

ते खांबाजवळचे, पायानं चपला चाचपताय ना? निघा. पण देवाकडे वळून एकदा 'येतो' म्हणा. ओरडू नका, त्याला ऐकू येतं. आणि म्हणताना डोळे भरलेच, चारचौघांत लाज वाटली, तर देवळाबाहेरचा नळ बघा जरा.

गळतोय म्हणे.